तो हशा तुझा होता

गजा,

तुझ्या शोकसभेत लोक हसले. ते तुला चाललं असतं. ज्या पद्धतीने त्यांना हसवलं गेलं, ते मात्र चाललं नसतं. दाताच्या डॉक्टरकडे बसला असताना कुणीतरी तुला ‘काहीतरी विनोदी बोला ना’ म्हणालं आणि तू गालावर हात ठेवून ‘तोंड उघडत नाही म्हणून तर आलोय’ म्हणालास, तो किस्सा चार वक्त्यांनी सांगितला. चौघांपैकी तिघांनी शेवट आधी सांगून टाकला आणि मग सुरुवात सांगत बसले. चौथा सांगता सांगता स्वतःच हसायला लागला. तू शेजारी असतास तर माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाला असतास, ‘मुकुंदा, मेलेल्याला पुन्हा मारतात रे हे.’

मग माझं नाव पुकारलं. मी बसल्या जागेवरून हात जोडले आणि मान हलवली. सभागृह हळहळलं. मागच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, ‘कंठ दाटला हो त्यांचा.’ कंठबिंठ काही दाटला नव्हता. आपलं भांडण चालू होतं, आणि ज्याच्याशी भांडण चालू आहे त्याचं माईकवरून कौतुक करायचं मला जमेना. म्हणून आता हे लिहितोय. यातही कौतुक येईलच, त्याला माझा इलाज नाही.

तुला सगळं माहीत आहे, तरी मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सव्वीस वर्षं आपण एक नाटक केलं. इतरही केली, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते एकच. सरकारी कचेरीत हयातीचा दाखला घ्यायला आलेला पेन्शनर तू, आणि टेबलामागचा साहेब मी. तुझे सगळे कागद बरोबर असतात. फोटो आहे, सही आहे, अंगठाही आहे. मी फाईलमधून डोकं वर न काढता विचारतो, ‘तुम्ही जिवंत आहात, हे कशावरून?’ तू थांबतोस. त्या प्रश्नाचा मनापासून विचार करतोस. आणि मग अगदी अदबीने सांगतोस, ‘नसतो, तर घरी कोणीतरी बोललं असतं ना, साहेब.’

नाट्यगृह तिथे कोसळायचं. मुंबईत कोसळायचं, सांगलीत कोसळायचं, आणि आपल्या पुण्यात, जिथे लोक हसण्याआधी शेजारचा हसतोय का ते बघतात, तिथेही कोसळायचं. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात तुझ्या फोटोखाली हेच वाक्य छापलं. किती समर्पक, म्हणून मला सात जणांनी पाठवलं. तू असतास तर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला असतास, ‘वाक्य छापलं, पण थांबलेत कुठे?’

कारण त्या जागी सगळा खेळ थांबण्याचा होता, हे तुझ्याइतकं कुणाला कळलं? लेखकाने तिथे काहीही लिहिलेलं नव्हतं. प्रश्न, उत्तर, पुढचा प्रश्न. पहिले तीस-चाळीस प्रयोग तू तसंच बोललास आणि लोक बेताचे हसले. मग लोणी काळभोरला एका कॉलेजच्या सभागृहात मी तो प्रश्न विचारला आणि स्पीकर किंचाळायला लागला. तो गप्प होईपर्यंत तुला बोलता येईना. दुसरा कुणी असता तर स्पीकरकडे बघून तोंड वाकडं केलं असतं. तू माझ्याकडे बघत राहिलास, आणि तुझ्या चेहऱ्यावर मला दिसलं की हा माणूस खरोखरच पुरावा शोधतोय. स्पीकर थांबला, तू वाक्य म्हणालास, आणि पोरांनी बाकं बडवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केलास, ‘मुकुंदा, तिथे आपल्याला जागा सापडली.’

तेव्हापासून मी मोजायला लागलो. टेबलाखाली डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवरून अंगठा फिरवायचा. पहिल्या वर्षी तू तीन पेरं थांबायचास. मग चार. दहाव्या वर्षी पाच. मला दर वेळी वाटायचं, आता तुटणार, आता खोकला येणार, कुणीतरी वेफर्सची पिशवी उघडणार. कधीच तुटलं नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत तू सातव्या पेरावर गेला होतास. सात पेरं भरलेल्या नाट्यगृहात काही न बोलता उभं राहून दाखवा म्हणावं कुणालाही. मी घरी करून बघितलं, चौथ्या पेराला माझी बायको म्हणाली, ‘काय हरवलं?’

लोक याला टायमिंग म्हणायचे. तुला तो शब्द आवडायचा नाही. तुझं मूळ वाशिमकडचं. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही काळजातलं बोलायचं झालं की वऱ्हाडी बाहेर यायची. ‘टायमिंग घड्याळाले राह्यते, बापा. माणसाले अडचण राह्यते.’ तुझं सगळं शास्त्र एवढंच होतं. माणसाची अडचण खरी धरायची. लोक आपलं आपण हसतात. ‘हसवाले गेला का मेला,’ असं तू नव्या पोरांना सांगायचास आणि ती पोरं ते वहीत लिहून घेऊन पुढच्याच तालमीत डोळे फिरवायची.

मी मूळचा इथला, पेठेत वाढलेला. तिरकस बोलणं आम्हाला शिकावं लागत नाही, असा माझा समज. तो तू खोटा पाडलास. तू पुण्यात आलास तेव्हा बसस्टॉपवरच्या एका आजोबांना विचारलंस, ‘ही बस धायरीला जाते का?’ ते म्हणाले, ‘बस जाते. तुम्ही जाल की नाही, ते तिला हात केल्यावर कळेल.’ दुसरा कुणी चिडला असता. तू तीन दिवस त्याच वेळी त्याच स्टॉपवर जाऊन उभा राहिलास, त्यांना पुन्हा ऐकायला. त्यांचा ळ कसा घट्ट येतो, ते बोलताना समोरच्याकडे न बघता रस्त्याकडे कसे बघतात, ‘अहो’ म्हणताना किती जोर देतात, सगळं परकी भाषा शिकावी तसं शिकलास. आणि मग रंगमंचावर पुणेरी माणूस असा उभा केलास की माझ्या सख्ख्या काकाने मला विचारलं, ‘ते सदाशिवातले कोण रे?’ मला त्या दिवशी हेवा वाटला होता. पहिल्यांदा.

उरलेलं सगळं तू खिडकीत शिकलास. सरकारी खात्यातली तुझी कारकुनी. खिडकीच्या आत तू, बाहेर रांग. ‘खिडकीतून माणूस फक्त छातीपर्यंत दिसतो,’ तू सांगायचास, ‘त्यामुळे त्याला सगळं चेहऱ्यानेच मागावं लागतं.’ पेन्शनर म्हणून तू जो बुशशर्ट घालायचास, तो स्वतः धुवायचास, स्वतः इस्त्री करायचास, आणि मग वरच्या खिशात बसची तिकिटं आणि औषधाची घडी घातलेली चिठ्ठी ठेवायचास. ती तिकिटं बाल्कनीतून काय, पहिल्या रांगेतूनही दिसायची नाहीत. मी एकदा म्हटलं, कशाला? तू म्हणालास, ‘त्याचा खिसा रिकामा असेल तर तो साहेबासमोर कशाला येईल?’

आणि बाल्कनी. प्रत्येक प्रयोगाआधी तू बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत जाऊन दहा मिनिटं बसायचास. रिकाम्या नाट्यगृहात, हात मांडीवर ठेवून. खाली येऊन मला सूचना. ‘आज डावीकडचा पंखा वाजतो, तिथल्यांसाठी प्रश्न जरा मोठ्याने टाक.’ सूचना नेहमी मला, कारण तुझं म्हणणं असायचं की हशा तुझ्या वाक्यावर येत असला तरी तो माझ्या प्रश्नातून उगवतो. ‘तू नीट विचारलं नाही तर मी कशाचं उत्तर देऊ?’ असं म्हणणारा नट मी दुसरा पाहिला नाही. बाकीच्यांना समोरचा माणूस भिंत म्हणून हवा असतो.

हे सगळं खरं, आणि तरी एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. सव्वीस वर्षं हशा तुझाच होता. पेपरात फोटो यायचा त्यात मी कोपर असायचो. तुझा चेहरा, टेबल, आणि टेबलावर एक कोपर. माझ्या नातीने कात्रणवही उघडून विचारलं होतं, ‘आजोबा, यातले तुम्ही कुठले?’ मी कोपर दाखवलं. आपण दोघं त्यावर खूप हसलो होतो. तू जास्त हसलास.

आता त्या दुपारवर येतो. साडेबाराचा प्रयोग, रविवार, नाट्यगृह भरलेलं. पहिला अंक तू सुरेख केलास. दुसऱ्या अंकात मी विचारलं, ‘तुम्ही जिवंत आहात, हे कशावरून?’

तू थांबलास. तीन, चार, पाच. सात झाली. मी वर बघितलं, कारण आता वाक्य यायला हवं होतं. आठ. नऊ. तुझी नजर माझ्या डोक्यावरून कुठेतरी गेलेली. दहा. ओठ किंचित उघडे. अकराव्या पेरावर माझ्या मनाने पक्कं केलं, हा विसरला. आणि मी साहेबाच्या आवाजात ओरडलो, ‘अहो, नसतात तर घरी कोणीतरी बोललं असतं ना!’

नाट्यगृह कोसळलं. तुझं वाक्य, माझ्या तोंडून.

तू मान खाली घातलीस, ‘हो साहेब’ म्हणालास, आणि नाटक पुढे गेलं. समोर बसलेल्या एकाही माणसाला काही कळलं नाही. मेकअपच्या खोलीत तू खोबरेल लावून चेहरा पुसत राहिलास, पुसून झाल्यावरही. दर वेळेसारखा मी तुला धायरीला सोडायला निघालो. सिंहगड रोडला गाड्यांची रांग लागलेली, आणि त्या रांगेत तू पहिल्यांदा बोललास.

‘मी थांबलो होतो.’

‘गजा, अकरा पेरं झाली होती.’

‘मग बारा झाली असती.’

‘तुझे डोळे रिकामे होते.’

‘पेन्शनरचे डोळे ते. भरलेले कुठून असतील?’

मी तिथे गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कुठे गप्प बसते? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, ‘अरे, विसरलास तर विसरलास. वय झालं आपलं. मलाही होतं.’

‘तुले होते,’ तू म्हणालास. ‘मले नाही.’ आणि सिग्नलवरच दार उघडून उतरलास. पुढचे दोन किलोमीटर तू चालत गेलास, आणि मी मूर्खासारखा शेजारून पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. तू एकदाही वळून बघितलं नाहीस.

नंतर तीन फोन. पहिल्यात तू शांतपणे समजावलंस की सात पेरं लोकांना पाठ झाली आहेत, दर वर्षी तेच तेच बघायला येणारे आता आतल्या आत मोजतात, म्हणून तुला ती पायरी ओलांडून पलीकडे काय आहे ते बघायचं होतं. मी म्हटलं, मग आधी सांगायचंस. तू म्हणालास, ‘सांगितलं असतं तर तू वाट बघितली असती. मला साहेबही गोंधळलेला हवा होता.’ दुसऱ्या फोनवर आपण दोघंही ओरडलो. तिसऱ्यात तू एवढंच मागितलंस. ‘तू एकदा म्हण नं, मी तुझा हशा घेतला म्हणून.’

‘मी तुला वाचवलं, गजा.’

‘कोनं सांगतलं होतं तुले, मले वाचवाले?’

फोन ठेवलास. चार दिवस मी केला नाही, तूही केला नाहीस. मी वाट बघत होतो, तुझा राग नेहमीसारखा आठवड्याने उतरेल आणि तू काहीतरी भलतंच विचारायला फोन करशील. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला तो सुनंदावहिनींचा. आंघोळीला जातो म्हणून उठलास आणि दारातच बसलास, एवढंच त्या म्हणाल्या. प्रयोगाला त्या दिवशी अकरा दिवस झाले होते.

तिसऱ्या फोनवर मी जे बोललो नाही, ते आता बोलतो. मी ते वाक्य म्हटलं आणि भरलेलं नाट्यगृह हसलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. भीतीने नाही. मला ते आवडलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा तो आवाज सरळ माझ्याकडे आला, तुझ्यावरून वळून नाही. दोन-तीन क्षणच असतील. तुझी मान खाली गेलेली मी बघितली ती त्या क्षणांनंतर. आता मला कोण सांगणार, की अकराव्या पेरावर माझ्या तोंडून वाक्य गेलं ते तुझ्या काळजीने, की कोपर कंटाळलं होतं म्हणून?

निदान एवढं तरी कळावं, की तू खरंच विसरला होतास. मग मी वाचवलं म्हणायला जागा होती. दहाव्याच्या दिवशी पाहुणे बाहेर बसलेले असताना मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी चहाचं आधण टाकत होत्या. लोक त्यांना आयुष्यभर विचारत आले, ‘घरी तर हसून हसून पुरेवाट होत असेल,’ आणि त्या सांगत आल्या की हे घरी आले की तोंडाला कुलूप. मी त्यांना विचारलं, हल्ली गजा त्या जागेबद्दल काही बोलला होता का.

‘बोलले काय, जीव खाल्ला माझा,’ त्या म्हणाल्या. ‘रोज सकाळी ओट्यापाशी उभं राहायचं. मले म्हणत, तू विचार, जिवंत कशावरून? मी विचारलं की उभेच. दूध उतू गेलं, भाऊजी, तरी उत्तर नाही. मी म्हटलं, बोला नं आता. तर म्हणे, बघ, तुले घाबरल्यावानी झालं नं? तिथंच बोलायचं आहे मले.’

मी ओट्याला धरून उभा राहिलो. म्हणजे तू थांबलाच होतास. पण वहिनी सरळ बाई. त्यांनी चहात साखर घातली आणि पुढचंही सांगितलं. ‘आणि त्याच आठवड्यात गॅसवाल्याले पत्ता सांगताना अडले. आपलाच पत्ता. मग मी सांगितला.’ त्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘काहून विचारता, भाऊजी?’

मी म्हटलं, सहज.

पुढच्या प्रयोगाची तारीख आधीपासून ठरलेली होती. निर्माते म्हणाले, रद्द करू. मला हायसं वाटलं होतं. तुझ्या जागी कुणाला तरी उभं करून तोच प्रश्न विचारायचा, ही कल्पनाच नकोशी होती. वहिनींनी मात्र ऐकलं नाही. ‘थिएटर घेतलेलं आहे नं? मग करा. घरी बसून तुम्ही काय करणार आहात?’ त्यांच्यापुढे तुझंही कधी चाललं नाही.

निनादला घेतलं. आपल्या नाटकात सहा वर्षं शिपायाचं काम करणारा, हिंजवडीत नोकरी, घरी एक मुलगी. तुझं प्रत्येक वाक्य त्याला पाठ. कंपनीच्या बसमध्ये तो ते पुटपुटत जायचा, आणि शेजारच्यांना वाटायचं कानात फोन आहे. तालमीत मी त्याला सांगितलं, इथे सात पेरं थांब. ‘सेव्हन सेकंद्स, सर?’ म्हटलं, पेरं. सेकंद नाही. त्याने माझ्या हाताकडे बघितलं आणि स्वतःच्या बोटांवर अंगठा फिरवून बघितला. पोरगा नाही तो, पस्तीस वर्षांचा बाप्या आहे, पण त्या क्षणी मला त्याची दया आली.

काल तो प्रयोग झाला. साडेबाराचा. वहिनी पहिल्या रांगेत होत्या. निनादने पहिला अंक बरा केला. जरा घाईत, पण बरा. दुसऱ्या अंकात मी फाईलमध्ये डोकं घालून विचारलं, ‘तुम्ही जिवंत आहात, हे कशावरून?’

तो थांबला. पाच, सहा, सात. आठव्या पेराला मी वर बघितलं आणि मला कळलं, हा गेला. यात शंकेला जागाच नव्हती. वरच्या ओठावर घाम, बोटं फाईलची नाडी ओढतायत, आणि डोळे माझ्याकडे लागलेले. सरळ मागत होते. तुझे डोळे त्या दिवशी असे मागत होते का, हे मी रोज आठवून बघतो आणि रोज मला वेगळं दिसतं. नऊ. दहा. वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. तेच वाक्य, तोच साहेबाचा आवाज. अकरा. या वेळी तर वाचवायलाच हवं होतं. या वेळी कुणीही मला दोष दिला नसता.

मी गप्प बसलो. इतकं कठीण काम मी रंगमंचावर कधी केलेलं नाही. बारा झाली, बोटं संपली. मी त्याच्याकडे बघत राहिलो, साहेबाने बघावं तसं नाही, मला साहेब आठवतच नव्हता. मला फक्त वाटत होतं की हा माणूस आता काय सांगतो ते मला ऐकायचं आहे.

मग बाल्कनीतून एक हसू आलं, एकच, दबकं. त्याच्यामागून दुसरं. समोर एक म्हातारा होता, ज्याला आपण जिवंत असल्याचा एकही पुरावा सुचत नव्हता, आणि ते लोकांना दिसलं. हसू रांगारांगांतून खाली उतरत गेलं आणि नाट्यगृह कोसळलं. वाक्य आलेलंच नव्हतं, गजा! निनाद बावचळून लोकांकडे बघायला लागला, तसा आणखी एक हशा. त्या गोंधळात त्याला वाक्य सापडलं. तो बोलला आणि तिसऱ्यांदा छप्पर उडालं. सव्वीस वर्षांत तिथे एवढं हसलेलं मी ऐकलं नाही. सातच्या पलीकडे काय आहे ते तुला बघायचं होतं ना, ते हे.

विंगेत आल्यावर निनादने माझी बाही धरली. ‘सर, मी गेलो होतो. टोटली ब्लँक. तुम्ही वाक्य का नाही घेतलंत?’

‘ते तुझं होतं,’ मी म्हटलं.

‘आणि आठवलंच नसतं तर?’

‘तर आपण दोघं तिथेच बसलो असतो.’

त्याला ते पटलं की नाही, माहीत नाही. तो पाणी प्यायला गेला. मी मात्र तिथे पडद्यामागे उभा राहिलो आणि महिनाभर जे आलं नव्हतं ते आलं. शोकसभेतल्या त्या बाई काल हव्या होत्या.

तू विसरला होतास की थांबला होतास, यावर आपण तीन फोन भांडलो. तू गेल्यावर तेच भांडण मी दोन्ही बाजूंनी एकटा भांडत राहिलो. भांडण चुकीच्या गोष्टीवर होतं. प्रश्न विचारायचा आणि तुझी वाट बघायची, एवढंच माझं काम होतं. तू सव्वीस वर्षं त्या भरवशावर माझ्यासमोर उभा राहिलास, आणि ज्या दिवशी तुला तो सगळ्यांत जास्त लागणार होता, त्या दिवशी मी घाबरलो. आणि मला लोभ सुटला. तू मला एक वाक्य म्हणायला सांगितलं होतंस, ते म्हणतो. मी तुझा हशा घेतला. तू थांबला होतास तर ती माझी चूक होतीच. तू विसरला असलास, तरीसुद्धा.